वादीतली उडी आणि गाठी मारलेली सुतळी

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय २६, वेर्ण्याला एका कंपनीत कामाला. डिसेंबरात पाच जण मिळून मस्कतला जातायत, मावसभाऊ तिथे नोकरीला आहे, त्याच्याकडेच उतरणार. प्लॅनमध्ये वादी शाब आहे, म्हणजे वाळवंटी डोंगरातली ती अरुंद घळ आणि आत हिरव्या पाण्याचे डोह. मावसभावाने व्हिडिओ पाठवलाय, त्यात एका कड्यावरून पोरं धडाधड उड्या मारतायत, कडा १२ मीटर तरी असेल असं तो म्हणतो. लिहिणारा ग्रुपमध्ये सगळ्यात चांगला पोहणारा, लहानपण नदीत आणि चिरेखाणीत (जांभा दगड काढलेली, पाण्याने भरलेली खाण) गेलेलं, त्यामुळे पहिली उडी त्याची हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. सोबत १७ वर्षांचा चुलतभाऊ आहे, त्याचं एकच, दादाने मारली की मी मारणार. विचारलंय ते असं: “ताई, पाणी किती खोल असलं की उडी सेफ समजायची? आणि मी नाही म्हटलं तर हे लोक मला आयुष्यभर चिडवतील, त्याचं काय करू?”

बाबा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू किती खोल एवढंच विचारलंयस, खाली काय आहे हे विचारलेलंच नाहीस. मी फोंड्याला बरीच वर्षं मुलांना पोहायला शिकवते आणि एवढ्या वर्षांत पाण्याच्या खोलीपेक्षा पाण्याच्या तळाने माणसं मोडलेली जास्त पाहिली. खोलीचा आकडा मी तुला देणार आहेच, पण तो आकडा हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नकोस, म्हणून तो जरा मागे ठेवते.

आधी तो व्हिडिओ. व्हिडिओत काय दिसतं तर त्या दिवशी, त्या जागी, त्या पोरांना काही झालं नाही. कुठल्या महिन्यातला आहे माहीत नाही, त्यानंतर किती पूर येऊन गेले माहीत नाही, आणि ज्याला लागलं त्याचा व्हिडिओ कोणी ग्रुपवर टाकत नाही रे, तो घरच्यांच्या फोनमध्येच राहतो. वादी म्हणजे आपल्या नदीसारखी बारमाही वाहणारी नदी नव्हे. वर्षातला बराच काळ ती कोरडी किंवा डोहा-डोहांची असते आणि ओमानच्या ‘हजर’ नावाच्या पर्वतात कुठेतरी पाऊस पडला की त्याच घळीतून एकदम लोंढा येतो, आणि तो नुसतं पाणी आणत नाही, गोटे आणतो, वाळू आणतो, खजुराचे ओंडके आणतो, कुठली तार, कुठलं पत्र्याचं पान, जे वाटेत सापडेल ते. लोंढा ओसरला की हे सगळं डोहात बसतं. म्हणजे गेल्या वर्षी जिथे चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी होतं तिथे या वर्षी फ्रीजएवढा धोंडा बसलेला असू शकतो, आणि वरून पाणी तसंच हिरवंगार, तसंच सुंदर.

हे मला का एवढं टोचतं ते सांगते. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा, तेव्हा एकोणीसचा असेल, तीन वर्षं सलग एकाच चिरेखाणीत उड्या मारायचा. चिरेखाण तुला सांगायला नको, उभे कापलेले काठ, बाहेर यायला धड जागा नाही, आणि पाण्याखाली चिरे काढताना सोडलेल्या पायऱ्या. चौथ्या वर्षी उन्हाळ्यात कोणीतरी त्या खाणीत फुटक्या चिऱ्यांचे ट्रक रिकामे केले होते. मग पाऊस लागला, खाण भरली, पाणी लाल, आणि हा नेहमीच्या दगडावरून नेहमीसारखा गेला. उजव्या टाचेच्या हाडाचा चुरा आणि कमरेचा मणका चेपलेला. मित्रांनी घाबरून त्याला हातापायाला धरून उचलून वर काढला, तेही चूकच होतं, पण त्यांना तरी कोण सांगणार. मी हॉस्पिटलात बघायला गेले तेव्हा टाच एवढी सुजलेली की पायाला घोटाच दिसत नव्हता आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “गेल्या वर्सा हांगा खोल आशिल्लें.” खोटं नव्हतंच ते, गेल्या वर्षी खोल होतंच. आज तो चालतो, संसार आहे, पण गॅसचा सिलिंडर उचलत नाही आणि पावसाळ्यात कंबर धरून बसतो. वय चाळीसच्या आत.

आता उंची. मावसभाऊ म्हणतो १२ मीटर. खरंच १२ आहे की ८ आहे की १५, कोणी मोजलंय? खालून बघताना कडा लहान वाटतो, वर उभं राहिलं की तोच दुप्पट वाटतो, त्यामुळे डोळ्यावर काही सोडू नकोस. वरून एक लहान खडा खाली सोड (फेकायचा नाही, नुसता सोडायचा, आणि खाली पाण्यात कोणी नाही हे बघून) आणि फोनवर व्हिडिओ काढ. सुटल्यापासून पाण्याला लागेपर्यंत बरोबर १ सेकंद लागला तर उंची ५ मीटरच्या जवळपास, १.४ सेकंद म्हणजे १० मीटर, पावणेदोन सेकंद म्हणजे १५. बघ, १० आणि १५ मीटरमध्ये फरक फक्त एका तृतीयांश सेकंदाचा आहे, म्हणून मनात “एक-दोन” मोजून हे होत नाही, व्हिडिओ हळू चालवून बघावा लागतो. त्याहून पक्कं म्हणजे सुतळीला दगड बांधून खाली सोडणं, गवंड्याच्या ओळंब्यासारखं. सुतळीवर मी पुन्हा येते.

उंचीला एवढं का धरून बसले, तर वेग. ५ मीटरवरून पडणारा माणूस पाण्याला लागतो तेव्हा ताशी साधारण ३५ किलोमीटरवर असतो, १० मीटरवरून ५०, आणि तुझ्या त्या १२ मीटरवरून ५५. तू वेर्ण्याला जाताना बाईक ज्या वेगात असते त्या वेगात तू अंगावर फक्त चड्डी आणि टीशर्ट घालून पाण्यावर आदळणार, आणि त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. शिवाय उंची दुप्पट झाली की बसणारा मारही दुप्पट होतो, वेगाचा आकडा तेवढा वाढलेला दिसत नाही म्हणून लोक फसतात, ५ वरून काही झालं नाही म्हणजे १० वरून थोडंसं जास्त, असं नसतं ते.

तू म्हणतोस मी सगळ्यात चांगला पोहणारा. असशील, मला शंका नाही. पण हवेत असताना तुला पोहता येतं की नाही याचा काय उपयोग? पोहणं कामाला येतं ते पाण्यात गेल्यावर, शुद्धीवर असलास तर. सगळ्यात चांगला पोहणारा म्हणून पहिली उडी तुझी, हे गणितच तुमच्या ग्रुपने उलटं मांडलंय. सगळ्यात चांगल्या पोहणाऱ्याचं काम म्हणजे गॉगल लावून सगळ्यात आधी खालून पाण्यात उतरायचं आणि डोह तपासायचा. ते काम बाकीच्या चौघांपैकी कोणी तुझ्याएवढं चांगलं करू शकणार नाही आणि तो मान तू हक्काने घे.

गोव्यातल्या माणसाला हे नवीन नाही खरं तर. २४ जूनला सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, बार्देसात लोक डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारतात, जावई मारतात, म्हातारे मारतात. पण ती विहीर कोणाच्या तरी घरची असते. घरच्या माणसाला माहीत असतं या वर्षी पाणी किती चढलंय, पंपाचा पाइप कुठल्या बाजूला आहे, आतला दगड कुठे पुढे आलाय, आणि तो काठावर उभा राहून सांगतो की या बाजूने नको, त्या बाजूने मार. उडी सगळ्यांना दिसते, त्या माणसाकडे कोणाचं लक्ष जात नाही. वादीत तुम्हाला तो घरचा माणूस नाही. तिथला गावातला कोणी भेटला तर जरूर विचार, वादीजवळच्या तिवी गावाच्या बाजूची माणसं त्या वादीला रोज बघतात आणि शेवटचा पूर कधी आला हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही, पण शेवटी घरचा माणूस तुम्हालाच व्हायचंय.

तर पाण्यात उतरून काय बघायचं. ज्या कड्यावरून उडी मारायची त्याच्या बरोबर खाली पोहत जा आणि वर बघ, कडा पुढे झुकलेला आहे की खालचा दगड पुढे आलाय. खालचा पुढे आला असेल तर उडी मारताना लांब ढकलून घ्यावं लागतं, आणि ओल्या गुळगुळीत चुनखडीवरून लांब ढकलायला गेलं की पाय सटकतो आणि माणूस कड्याला घासत खाली येतो, म्हणून अशी जागा सरळ सोडून दे. मग जिथे पाय लागणार तिथे बुडी मार, तळ हाताने चाचपड, आणि तेवढ्याच एका ठिकाणी नाही, चारी बाजूंना तीन-तीन मीटर तरी, शेतात नांगर फिरवतात तसं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. कारण तू नेमका ठरवलेल्या जागी पडणार नाहीस, कोणीच पडत नाही.

वरून बघून ठरवू नकोस हे वेगळं सांगायला हवं कारण वादीचं पाणी आरशासारखं स्वच्छ असतं आणि स्वच्छ पाणी बघितलं की माणसाला वाटतं दिसतंय की सगळं. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो त्यामुळे तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो, ४ मीटर खोल पाणी वरून सरळ बघितलं तर ३ मीटर वाटतं. मग कोणीतरी शहाणा म्हणतो की दिसतं त्यापेक्षा खोलच असतं, टेन्शन नको. पण त्या पांढुरक्या तळावर पांढुरकाच धोंडा असेल तर त्याची कडाच दिसत नाही, सगळं एकसारखं हिरवं दिसतं, आणि डिसेंबरात सूर्य खाली असतो त्यामुळे अर्धा डोह डोंगराच्या सावलीत आणि अर्धा चकाकणारा. पाणी जरा जरी गढूळ असेल तर त्या दिवशी उडी नाही, यावर चर्चासुद्धा करू नका.

आता तो आकडा. डायव्हिंगच्या स्पर्धांसाठी पोहण्याचे तलाव बांधतात तेव्हा ५ मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली ३.७ मीटर तरी पाणी हवं असा नियम आहे आणि १० मीटरच्या खाली ४.५, शक्यतो ५. पण तो तलाव आहे, तळ सपाट, टाइल्स लावलेला, एक दगड नाही, आणि उडी मारणारा वर्षानुवर्षं रोज तेच करतो. वादीसाठी तू त्यावर भर टाकायची. माझा स्वतःचा हिशोब विचारशील तर ५ मीटरच्या उडीला ५ मीटर मोकळं पाणी, सगळीकडे, आणि ५ मीटरच्या वर तू जाऊच नकोस. हो, १२ मीटर नाही म्हणतेय मी, स्पष्ट. अमेरिकेत ग्लेन कॅनियन म्हणून असाच वाळवंटी घळीचा प्रदेश आहे, लेक पॉवेलचा, तिथे १५ फूट किंवा त्याहून उंच कड्यावरून उडी मारायलाच मनाई आहे, म्हणजे साडेचार मीटर. त्या तलावाची पातळी २०२३ मध्ये पूर्ण भरलेल्या पातळीपेक्षा जवळपास १८० फूट खाली गेली होती, एकेकाळचे पाण्याखालचे खडक उघडे पडले, म्हणजे ज्याने कोणी जुन्या आठवणीवर तिथे उडी मारली असती त्याचं काय झालं असतं तूच विचार कर.

कोणीतरी ग्रुपमध्ये म्हणेलच की वादी शाबला तर रेड बुलची कड्यावरून उड्या मारायची स्पर्धा झालीय. झालीय, २०१२ साली, आणि त्या स्पर्धेत पुरुष २७ मीटरच्या आसपासवरून उड्या मारतात. पण त्यांचं नीट बघ एकदा. पाण्यात आधीपासून बचावाचे डायव्हर थांबलेले असतात, खोली मोजलेली असते, वर्षानुवर्षं उंची थोडी थोडी वाढवत ते तिथे पोचलेले असतात, आणि एवढं सगळं असून ते पाण्यात जातात ते पाय खाली करून. डोकं खाली करून नाही. जगातले सगळ्यात तयारीचे लोक ज्या उंचीवरून सूर मारत नाहीत तिथे आपण काय मारणार.

सूर कधीच नाही, १ मीटरवरूनही नाही, अनोळखी पाण्यात. मानेचा मणका मोडला तर मानेखालचं शरीर जातं, आणि हे बहुतेक वेळा उंचावरून नाही तर उथळ पाण्यात सहज मारलेल्या सुरात होतं. मुटकाही नाही, आपल्याकडे पाणी उडवायला मुटका मारतात ना, नदीत दीड मीटरवरून ठीक आहे, उंचावरून मुटका म्हणजे बैठकीवर आदळणं आणि सगळा मार कमरेच्या मणक्यात. उभी उडी. पाय जुळलेले, गुडघे किंचित सैल, हात पाण्याला लागायच्या आधी मांड्यांना चिकटवलेले (पसरलेले राहिले तर खांदा निखळतो), तोंड बंद, नाकातून हवा सोडत. आणि नजर समोर, खाली नाही. खाली बघितलं की डोकं पुढे झुकतं, डोक्यामागे छाती, आणि माणूस तोंडावर पडतो. धावत येऊन उडी नाही, एक पाऊल टाकून. पायात पातळ तळव्याचे घट्ट बूट असलेले बरे, तिथे चालायलाही लागतातच.

वर चढायचं तेही टप्प्याटप्प्याने. आधी १ मीटर, मग २, मग ३, आणि प्रत्येक वेळी पाय किती खोल गेले ते लक्षात ठेव. ३ मीटरवरून पाय तळाला टेकले तर तिथेच थांबायचं, मग ग्रुप काही म्हणो. वर जाण्याआधी बाहेर यायची वाट बघून ठेव, कारण उभ्या भिंतीच्या डोहात दमलेला माणूस कडेला नखं घासत राहतो, हे चिरेखाणीत पोहलेल्याला मी काय सांगू.

दमण्यावरून आठवलं. तुम्ही त्या डोहाशी पोचाल तोपर्यंत मस्कतहून दीडशेक किलोमीटर गाडी, मग सुरुवातीला छोटी होडी, मग दगडधोंड्यांतून पाऊण तास चालणं, मग एकामागून एक डोह पोहत जाणं आणि शेवटी ती फट जिथून आतल्या गुहेत जातात. डिसेंबरातसुद्धा ऊन लागतं आणि घाम वाळून जातो म्हणून तहान कळत नाही. उडीचा विचार परतताना नाही, पोचल्या पोचल्याही नाही, अर्धा तास सावलीत बसून पाणी पिऊन मग. आणि थंड पाणी: तापलेलं अंग एकदम थंड डोहात गेलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, तो थांबवता येत नाही, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. म्हणून आधी दहा मिनिटं पाण्यात राहा, अंगाला सवय होऊ दे. दारू घेऊन तर पाण्याजवळही नाही, एवढं तू समजतोस.

सगळ्यात जास्त भीती मला उडीची नाही, लोंढ्याची वाटते. आपल्याकडे पावसाळ्यात ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मस्कतला अख्ख्या वर्षात १०० च्या आसपास, म्हणून आपल्या माणसाला तिथल्या पावसाचं काहीच वाटत नाही. पण आपली जमीन पाणी पिते, झाडं पितात, नदी फुगताना आपल्याला दिसते. तिथला डोंगर उघडा, कातळाचा, पडलं ते सगळं घळीत. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ आणि वरच्या बाजूला कित्येक किलोमीटर लांब पाऊस, असंही होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये ओमानमध्ये असेच पूर आले आणि शाळकरी मुलांसकट कितीतरी जण गेले. म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी निघताना तिथल्या हवामान खात्याचा इशारा बघायचा, डोंगरावर ढग असतील तर वादी रद्द, दुसरीकडे फिरा, मस्कतमध्ये बघायला खूप आहे. आत असताना पाणी एकदम मातकट झालं, पानं-काड्या वाहत आल्या, किंवा वरून लांबून घरघर ऐकू आली तर सामान सोडून उंचावर चढायचं, घळीतून खाली पळत सुटायचं नाही, कारण पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं.

आणि काही झालंच तर. घळीच्या आत मोबाईलचं नेटवर्क मिळेल या भरवशावर राहू नका. ओमानमध्ये इमर्जन्सीचा नंबर ९९९९, सगळ्यांच्या फोनमध्ये घाला आणि एक जण पाण्याबाहेर कोरडा ठेवा, जो गरज पडली तर चालत बाहेर जाऊन मदत आणेल. उडीनंतर कोणाला मान किंवा कंबर दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत, तर त्याला ओढून बाहेर काढू नका, पाण्यातच उताणा तरंगत ठेवा, तोंड पाण्याबाहेर, डोकं-मान-पाठ एका रेषेत धरून, आणि मदत येईपर्यंत तसंच धरून ठेवता येत नसेल तर सगळ्यांनी मिळून, न वाकवता, सपाट जागी. मात्र श्वास चालू नसेल तर मणक्याचा विचार नंतर, आधी बाहेर काढून तोंडाने श्वास द्यायचे आणि छाती दाबायची. हे जायच्या आधी पाचही जणांनी कोणाकडून तरी शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागदही वाच, साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात.

आता चिडवण्याचं. तू लिहिलंस “आयुष्यभर चिडवतील”. चिडवतील, दोन महिने. पण मला तुझ्या पत्रात त्याहून मोठी गोष्ट दिसते आणि तू ती एका ओळीत लिहून पुढे गेलायस, तो १७ वर्षांचा. तुझी उडी तुझ्या एकट्याची नाहीच तिथे. तू सुखरूप वर आलास तरी त्यानंतर तो मारणार, तो तुझ्यापेक्षा हलका, सवय नसलेला, आणि मोठ्या भावासमोर मागे फिरायला लाजणारा. त्याच्या आईवडिलांनी त्याला तुझ्याबरोबर पाठवताना १२ मीटरच्या कड्याचं कोणी सांगितलंय का त्यांना? सांगितलं नसेल तर आधी ते सांग, मग बघ तुझ्या काकूचा चेहरा, आणि त्यानंतरही तुला प्रश्न उरला तर मला पुन्हा लिही.

कड्यावर उभं राहून नाही म्हणणं फार कठीण असतं, मोबाईल रोखलेले असतात, खालून ओरडत असतात. म्हणून ते घरी म्हण, नोव्हेंबरमध्येच, चहा पिताना. “५ मीटरच्या वर कोणी नाही, आणि जिथे मी बुडी मारून बघितलं नाही तिथून कोणी नाही. मान्य असेल तर वादी, नाहीतर मी गाडीत बसतो.” सगळ्यात चांगला पोहणारा असं म्हणाला की बाकीच्यांपैकी दोघांना तरी मनातून हायसं वाटतं, मी हे पोरांच्या कॅम्पमध्ये कितीदा बघितलंय, कोणीतरी एकाने म्हणायची वाट बघत असतात सगळे. आणि उडी न मारताही ती वादी बघण्यासारखीच आहे रे, त्या फटीतून आत पोहत गेलं की आत धबधबा पडत असतो, त्यासाठीच लोक एवढे चालतात.

हेच सगळं जे इथेच राहणार आहेत त्यांनाही. आपले धबधबे, चिरेखाणी, नद्या यांत पावसाळ्यात उतरू नका म्हणून बंदीचे आदेश निघतात आणि आपण ते पेपरात वाचून पान उलटतो. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघं बुडाले, त्यानंतर अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायलाच वनखात्याने बंदी घातली. लाल पाण्याच्या खाणीत तर तळ दिसायचा प्रश्नच नाही, तिथे बुडी मारून तपासणंही नको, तिथे उतरणंच नको, मी माझ्या मुलांना हेच सांगते.

सुतळी राहिली. वीस मीटरची नायलॉनची घे, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, दर मीटरला एक गाठ आणि दर पाचव्या मीटरला दोन. आपले रापणकार मच्छीमार वावेने मोजतात, दोन्ही हात पसरून, पण तुमच्या पाच जणांचे हात पाच लांबीचे, म्हणून टेपनेच मोज. टोकाला मुठीएवढा दगड. हे काम त्या १७ वर्षांच्या पोराकडे दे, कड्याची उंची त्याने मोजायची, डोहाची खोली दहा-बारा ठिकाणी त्याने मोजायची, तू पाण्यात, तो कडेला, तू दगड कुठे टेकला ते सांगायचं आणि त्याने गाठी मोजून आकडा मोठ्याने म्हणायचा. गाठी घरीच मारून न्या, ओल्या हातांनी नायलॉनला गाठ बसत नाही.